मरियेच्या कपाळावरचं कुंकू

ओल्या चुन्याचा वास आला की मला आमच्या गावची मिशनची ठेंगणी प्रार्थनेची खोली आठवते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. आमचं घर नुकतंच ख्रिस्ती झालेलं, आणि मला पवित्र पुस्तक अक्षर जोडत वाचता येऊ लागलं म्हणून मी गावातून छाती काढून चालायचो. नाताळाआधी त्या खोलीच्या भिंती सारवताना माझ्या वहिनीनं गेरू आणि पांढऱ्या मातीनं मरियेचं चित्र काढलं. मरिया आमच्याकडच्या बाईसारखी जात्याशी बसलेली, मांडीवर बाळ, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी भडकलो. "वैनी, हे कुकू पुस्तकात कुठी लिवलं हाय?" ती हसली. "भाऊजी, तिचा धनी जित्ता व्हता ना? मंग कपाळ उघडं काऊन ठेवू? अन् तिचं तोंड कसं व्हतं, हे तरी लिवलं हाय का तुमच्या पुस्तकात?" मी चुन्याची बादली आणली आणि तिच्या देखत चित्रावर दोन हात मारले. संध्याकाळी गोरा पाद्री त्याच्या मडमेला घेऊन आला. "सकाळी मी पाहून गेलो ते चित्र कुठं? हिला मुद्दाम दाखवायला आणलं," तो म्हणाला. "भिंतीले ओल आली व्हती, साहेब," मी म्हणालो. वहिनी तिथंच उभी होती. तिनं मला खोटं पाडलं नाही. पण त्यानंतर घरच्या भिंतीवरही तिनं कधी गेरूचं बोट टेकवलं नाही. देवापुढं मी हे कितीदा कबूल केलं असेल. तिच्यापुढं मात्र एकदाही तोंड उघडलं नाही, आणि तिच्या मातीला प्रार्थना वाचायला मीच पुढं झालो.