शकुमावशीच्या वतीने

मराठीत वनमालाला कुणी हरवून दाखवावं. भांडुपच्या टेकडीवरच्या त्या चाळीत पाणी कमी आलं की वॉर्ड ऑफिसात तिलाच धाडायचे, आणि ती दिसली की तिथले लोक आधी खुर्ची पुढे करायचे. प्रसूतिगृहात आयाबाईचं काम करून बाईने आवाज कमावला होता. पण इंग्रजी म्हटलं की तिची बोबडी वळायची, आणि नेमकं तेच तिच्या गळ्यात पडलं.

चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. तोवर राहायला बिल्डरने दोन जागा दाखवल्या. एक भांडुपातच, जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नसलेली. दुसरी पार कर्जतकडे. पोरांच्या शाळा इथे, कामं इथे, कर्जतला कोण मरायला जातंय! बिल्डरबरोबरच्या मागच्या मीटिंगला चाळीतल्या बुद्धविहाराचे अध्यक्ष जयवंत गुरुजी मराठीत बोलले होते. समोरच्यांनी माना डोलावल्या आणि आपसात इंग्रजीत काय ते ठरवून मोकळे झाले. गुरुजींना ते फार लागलं. या वेळी आपलं माणूस इंग्रजीतच बोलेल, असं त्यांनी जाहीर केलं. वनमालाची मुलगी सपना कॉल सेंटरला आहे, ती आईला शिकवेल. मग सपनालाच पाठवा की! पण खोली सपनाच्या नावावर नाही ना, म्हणून आईच.

विहाराची रीत अशी होती की वंदना झाली की गुरुजी ठराव तीनदा विचारणार. तीनदा कुणी तोंड उघडलं नाही, तर सगळ्यांची संमती. मग ‘साधु, साधु, साधु’ म्हणून उठायचं. भांडणं नकोत म्हणून जुन्या माणसांनी लावलेला हा नेम. इमारत भांडुपातलीच, खोल्या चिठ्ठ्या टाकून, नंतर अदलाबदल नाही, आणि सगळ्यांच्या वतीने वनमाला बोलणार, एवढं गुरुजींनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा सगळे गप्प.

मग शिकवणी सुरू झाली. रिप्रेझेंट, ऑन बिहाफ ऑफ, स्पोक्सपर्सन, डेलिगेट, प्रॉक्सी. बाळांना आंघोळ घालताना वनमाला पुटपुटायची आणि बाळंतिणी तिच्याकडे टकामका बघायच्या. दुसऱ्यासाठी बोलायचं, एवढं साधं काम, त्याला इतके शब्द कशाला लागतात मेल्यांना, असं ती करवादली. सपना समजावत राहिली. डेलिगेट म्हणजे सांगून पाठवलंय तेवढंच बोलणारा. प्रॉक्सी म्हणजे जो आलाच नाही त्याच्या जागी बसणारा. आणि रिप्रेझेंट करणं म्हणजे, आई, तू बोललीस की ते सगळे बोलले.

हे शेवटचं ऐकलं आणि ती धास्तावली. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अख्ख्या चाळीची वाट लागणार. तिला जेवण जाईना.

मीटिंगच्या दिवशी सकाळी ती शेजारच्या शकुमावशीकडे गेली. मावशी एकटी, खुब्याचं ऑपरेशन झालेली. वॉकर धरून दारापर्यंत येते तेच खूप. समोर कुणीतरी बसलं की भीड चेपते, म्हणून वनमालाने तिलाच साहेब केलं आणि सगळं इंग्रजी घडाघडा म्हणून दाखवलं. मावशीने कौतुकाने ऐकलं आणि याचा अर्थ काय गं, म्हणून विचारलं. तुझ्या तोंडचं मी बोलणार, वनमालाने सांगितलं.

मावशीने वॉकर पुढे ओढून दाखवला.

“माझ्या तोंडचं नाही गं ते. मी नुसती गप्प बसले होते. चिठ्ठीत चौथा मजला आला तर मी चढू कशी?”

वनमालाला असा संताप आला! तीनदा विचारलं तेव्हा दातखीळ बसली होती का तुझी, असं ती फाडकन बोलून गेली. सगळ्यांचं चांगलं होत होतं, त्यात मी कुठे आडवी येऊ, मावशी म्हणाली. आणि आपल्याला तरी तिचा खुबा कुठे आठवला होता?

बिल्डरच्या मुलुंडच्या ऑफिसला जाताना रिक्षात तिने गुरुजींना हे सांगितलं. गुरुजींचा चेहरा उतरला, पण ते बधले नाहीत. एकीसाठी ठराव मोडला तर उद्या दहा जण उठतील आणि सगळे कर्जतला जातील. ठरलंय तेवढंच बोल, म्हणाले.

ऑफिसातले चंद्रप्रकाश साहेब नवीन होते. तिने पहिलं इंग्रजी वाक्य अर्धं म्हटलं आणि पुढचं साफ विसरली. साहेब हसले नाहीत. मॅडम, मराठीत बोला ना, मी इथलाच, म्हणाले. इतक्या दिवसांची घोकंपट्टी पाण्यात! मग त्यांनी विचारलं, सगळ्यांची संमती आहे ना?

गुरुजी तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, “एक जण सोडून. शकुमावशीची नाही.”

साहेबांनी पेन उचललं. “काही हरकत नाही. आम्हाला बहुमत पुरतं, बाकीच्यांना भांडुप पक्कं. त्या मावशींना विरोधात धरतो. विरोधातल्यांना मात्र तात्पुरती खोली मिळत नाही, नोटीस जाते.”

मावशीला तळमजला देता येईल का, वनमालाने विचारलं. चिठ्ठ्या तुम्हीच मागितल्यात, साहेब म्हणाले. मग नंतर कुणी खोली बदलून दिली तर? अदलाबदल नको हीसुद्धा तुमचीच अट. खोटं काही नव्हतं त्यात. पेन कागदाला टेकलं, तशी ती ताडकन उभी राहिली.

“थांबा साहेब. चुकलं माझं. सगळ्यांची संमती आहे. मावशीचीसुद्धा.”

खाली उतरल्यावर गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. चाळीत बातमी आधीच पोचली होती. बायकांनी तिला पेढा भरवला, पोरांनी हातातली पिशवी घेतली. शकुमावशी वॉकर टेकत दारात आली होती.

“माझं सांगितलंस ना गं?”

“सांगितलं,” वनमाला म्हणाली. सांगितलं तर होतंच.

मावशीने तिचा हात घट्ट धरला. डोळे भरून आले म्हातारीचे. “मग तळमजल्याची खोली बघायला कधी नेतेस?”

वनमालाला मराठीतसुद्धा एक शब्द सुचेना.