काचेआडची घंटा

आर्लीन कोवाल्चिकबाई अमेरिकेतल्या ह्युरॉन सरोवराकाठच्या बुडीत जहाजांच्या संग्रहालयात फुकटात वाटाड्याचं काम करत. पगार नाही, पण तोरा असा की जहाजाच्या कप्तानाने त्यांच्यापुढे पाणी भरावं. भाषण ठरलेलं. "बघा, फोटो काढा, पण बुडालेल्या जहाजाचा खिळासुद्धा उचलू नका. ती खलाशांची कबर आहे." पर्यटक माना डोलवत आणि बाहेर पडताना दुकानातून खिळ्याच्या आकाराची कीचेन घेऊन जात.

गावाचं मात्र काय सांगावं! अंगणात तुळस असावी तसा इथे दारोदारी जहाजाचा नांगर. पांढरा रंग फासलेला, भोवती पिटुनियाची फुलं. सगळे कुणा ना कुणाच्या बापाने सरोवरातून उपसून आणलेले.

म्हणून संग्रहालयाच्या संचालिका ग्रेचेनबाईंनी जाहीर केलं, जहाजांवरून आणलेल्या वस्तू आणून द्या, कोणी काही विचारणार नाही. घरोघरी गळ घालायला आर्लीनबाईंना धाडलं. लोकांनी कॉफी पाजली, केक खिलवला, नांगर काही जागचा हलला नाही.

शुक्रवारी चर्चच्या हॉलात तळलेल्या माशांवर ताव मारताना शेजारचा बर्नी म्हणालाच, "काय गं आर्लीन, तुझ्या स्वयंपाकघरातली घंटा काय माहेरून आणलीस?"

सगळे हसले. आर्लीनबाईंनी ताटली बाजूला सारली. ती घंटा त्यांच्या लेनने, लग्नाआधी, हाडं गोठवणाऱ्या पाण्यात बुडी मारून एका जहाजावरून काढून आणलेली. मागणी घालायला अंगठी घ्यायची ऐपत नव्हती त्याची, म्हणून घंटा. आता लेन गेला होता आणि घरात त्याचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. द्यायला जीव होत नव्हता, न देता तोंड दाखवायची सोय नव्हती. शेवटी टॉवेलात गुंडाळून त्या घंटा देऊन आल्या आणि गाडीत बसून रडल्या.

ग्रेचेनबाई खूश. घंटा काचेत बसली, वर दिवे, खाली पाटी: 'लोभी चोरट्यांनी कबरीतून लुटलेली घंटा. एका जागरूक नागरिकाकडून परत.'

रविवारी त्या दालनात आर्लीनबाईच होत्या. एका पाहुणीने विचारलं, "कोण हो हा मेला चोर?"

"लेन," आर्लीनबाई म्हणाल्या. "अंगठीला पैसे नव्हते हो त्याच्याकडे."

ग्रेचेनबाई लगबगीने पुढे आल्या. "आर्लीन, पाटीवर आहे तेवढंच सांगा ना."

"पाटीवरचंच सांगतेय. चोर माझा नवरा, जागरूक नागरिक मी. नावं तेवढी राहिलीत, ती लिहा."