मुठीतला अंगठा

रानातून फिरून आलं, की धोतराला कुसळं चिकटलेली सापडतात. किस्स्यांचंही तसंच. काशीहून शिकून परत आलो तेव्हा देश जागा करायचा, एवढंच डोक्यात होतं. मिठाच्या सत्याग्रहाला दोन-तीन वर्षं झाली होती. दर गुरुवारी बारामतीच्या बाजारात वाचनालयाच्या ओट्यावर बसायचो आणि म्हाताऱ्या माणसांचे कागद फुकट वाचून द्यायचो. देश राहिला बाजूला, किस्से मात्र चिकटले!

पहिले आले माळेगावचे तात्या. कालव्याच्या पाण्याची पावती म्हणून कुणीतरी त्यांचा अंगठा घेतला आणि अर्धा मळा गेला. उरला होता विहिरीकडचा तुकडा. मागे ना मूल ना बाळ; जगणं त्या तुकड्यावरच. मी त्यांना साक्षरता, नागरिकत्व, हक्क असं तासभर ऐकवलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे कागद वाचून हुईस्तवर अंगठा मुठीत ठिवायचा. एवढंच न्हवं?”

पुढच्या गुरुवारी ओट्यावर सात म्हातारी माणसं, सगळ्यांचे अंगठे मुठीत!

भाजीवाल्या गवराबाईंकडं एकदा दागिने उजळून देणारा आला. त्याच्या पाण्यात सोनं कसं विरघळतं, हे मी आदल्याच आठवड्यात पाटीवर आकृती काढून समजावलं होतं. त्यातलं काही कळलं नाही, असं बाईंनी मला नंतर सरळ सांगितलं. त्याला त्या एवढंच म्हणाल्या, “आदी तुजी अंगठी धू. मग माज्या पुतळ्या.”

त्याला एकाएकी भिगवणची गाडी आठवली.

याच गवराबाईंना एकदा रजिस्टर आलं. पोस्टमन अंगठा मागू लागला. बाईंनी मूठ वळली आणि तडक बारामतीची वाट धरली. अंगठा घेतल्याशिवाय पाकीट देता येईना, म्हणून पोस्टमनही तीन मैल त्यांच्या मागून चालत आला. घामाघूम होऊन म्हणाला, “मास्तर, ह्यांना सांगा, मी सरकारी मानूस हाय.”

“म्हनूनच आले,” बाई म्हणाल्या. आत भावानं पाठवलेला चोळीचा खण होता.

सगळेच किस्से हसायचे नव्हते. एका आबांनी मोतीबिंदूवरचं औषध म्हणून बाटली घेतली होती. मी चाखून पाहिलं, तुरटीचं पाणी. आबा हळूच म्हणाले, “सुनंला सांगू नगंस.” मी तावातावानं म्हणालो, “आबा, लाजायचं त्या ठकानं. तुम्ही कशाला?”

“लाजायला त्यो हितं हाय कुठं? हितं मीच हाय.”

 बाटली मी माझ्याकडंच ठेवून घेतली.

आणि हा शेवटचा. इंदापूरचे एक रावसाहेब माझ्यावर फार खूश. माझ्या इंग्रजीचं कौतुक करायचे. माळेगावला शाळा व्हावी, हे माझं स्वप्न त्यांनी मन लावून ऐकलं आणि वकिलाकडून अर्जच टाइप करून आणला. म्हणाले, गावातल्या एका वडीलधाऱ्याचा अंगठा हवा. तात्या तुमचं ऐकतात. मी शाईची गादी घेऊन जवळजवळ पळतच मळ्यात गेलो.

तात्या वांगी तोडत होते. कागद दिसला तशी त्यांनी मूठ वळली.

“वाच.”

“तात्या, शाळेचा अर्ज आहे. इंग्रजीत आहे. मीच आणलाय.”

“तूच आनलाय, तर मग सोपंच हाय की. वाच.”

बांधावर उभा राहून मी एकेका ओळीचं मराठी करत गेलो. पहिल्या ओळीत शाळा, दुसरीत गावची मुलं. तिसऱ्या ओळीत सर्व्हे नंबर आला, विहीर आली, ‘कायमची’ असा शब्द आला, आणि ज्यांना जमीन द्यायची त्या रावसाहेबांचं नाव. 

“फुडं?”

“पुढं काही नाही, तात्या.”

“मग खाली काय लिवलंय?”

“साक्षीदाराची सही.”

“कुनाची?”

“माझी. काल केलेली.”

तात्यांनी वांग्यांची पाटी खाली ठेवली. हात धोतराला पुसले. मग माझा उजवा हात हातात घेतला, माझा अंगठा माझ्याच तळव्यावर दुमडला आणि त्यावर एकेक करून चारी बोटं मिटवली.