तोरणाखालची माफी

पुण्याहून निघालो तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या भावंडांना वाटलं, मी पोळ्याला गावी मजा करायला चाललोय. मजा कसली! बाप्तिस्मा झाला, दारू सुटली, तरी एक गोष्ट छातीवर बसली होती. येशूच्या मागे जायचं तर ज्याचं मन मोडलं त्याच्या दारात आधी जायचं. तेवढ्यासाठीच निघालो होतो.

आर्णीला उतरून ऑटोनं फाट्यापर्यंत आलो. पुढं गुडघाभर चिखल. चप्पल काळ्या मातीनं गिळली ती गिळलीच. दोन्हीकडे कपाशी पात्या-फुलांवर आलेली, मी मधून अनवाणी.

आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात (टोमणे मारणाऱ्या जुळवलेल्या ओळी, शेवटी महादेवाचा गजर). पंचक्रोशीत माझ्यासारखा झडतीवाला नव्हता. सात वर्षांपूर्वी सुखदेवभाऊची बायको रुसून माहेरी गेली होती. ती दुसऱ्याबरोबर पळाली, अशी झडती मी पिऊन म्हटली. गाव पोट धरून हसलं. सुखदेवभाऊनं बैल तिथूनच माघारी वळवले.

आधी त्याच्याच अंगणात गेलो. तो बैलाची शिंगं रंगवत होता.

"भाऊ, माफी मांगाले आलो."

त्यानं मान वर केली नाही. "बोल्ला गावासमोर. अन् माफी घरात कायले मांगतं?"

खरं होतं त्याचं. तसाच घरी गेलो. वहिनीनं पुरणाची पोळी वाढली. दादा खुशीत होता. "लोकं वाट पाहून राह्यले. यंदा झडती जोरात झाली पाहिजे."

"दादा, झडती नाही म्हणत आता. मी येशूचा झालो. तोरणाखाली सुखदेवभाऊची माफी मांगतो."

दादाचा घास हातातच राहिला. "भरल्या गावात आपलं नाक कापतं? जाशीन तं या घरात पाय ठेवू नको."

मला रडू येत होतं. पण उठलो.

तोरणाखाली मला पाहून शिट्ट्या वाजल्या. मी म्हणालो, "सुखदेवभाऊची घरवाली..." तर लोक हसायलाच लागले. त्यांना वाटलं, झडतीच सुरू झाली. मी थांबलो. हसू ओसरल्यावर पुन्हा बोललो, "ती वापस येणार होती. माझी झडती तिच्या माहेरापर्यंत गेली, म्हणून नाही आली. मी खोटं बोल्लो होतो. भाऊ, माफ कर."

कुणी हसलं नाही. दादा बैल घेऊन निघून गेला, माझ्याकडे न बघता.

सुखदेवभाऊ पानटपरीजवळ उभा होता. जवळ आला. "माफ केलं असं मले म्हणता येत नाही अजून. पण हेच तिले जाऊन सांगशीन काय? तिच्या माहेरी, मारेगावले?"

परतीचं तिकीट खिशात होतं. ते तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी मारेगावला गेलो. त्या बाईनं दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे सांगाले सात वर्षं लागले तुमाले?" मग तिनं पाणी दिलं. परत जाईन असं काही ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

पुण्याला दोन दिवस उशिरा पोचलो. दादा फोन उचलत नाही. मी रोज लावतो, लावत राहीन.

मंडळीत साक्ष देताना मी ठासून सांगायचो, सगळं सोडून येशूच्या मागे आलो. आता तसं म्हणताना जीभ अडते. त्याच्या मागे मी आत्ता कुठे निघालोय.