दगडावर कोरायचा धंदा

वॉल्सॉल गावातला होरेस टिटली म्हणजे लोखंडाचा भारी तोरा असलेला माणूस. घोड्याच्या तोंडात द्यायचं लगामाचं लोखंड तो घडवायचा. त्या धंद्याचं जुनं नाव लोरिमर. तुकडा घासून झाला की आधी स्वतःच्या ओठावरून फिरवायचा, आणि जरा खरखरलं की पुन्हा कानस हातात. त्याची बायको इडिथ लगामाचे पट्टे शिवायची: दोन सुया, एक दोरा, गुडघ्यांत पट्टा धरायचा लाकडी चिमटा. तीस वर्षं दोघांचं एकच भांडण, खरा धंदा कुणाचा?

"शिंपीणबाई, लोरिमर मी," तो चिडवायचा. "तू नुसती कातडी टाचतेस."

"माझा पट्टा नसला ना होरेस, तर तुझं लोखंड म्हणजे पोरांचा खुळखुळा," ती सुई न थांबवता म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियानं इडिथ गेली, नि भांडण अर्धवटच राहिलं. घर नुसतं खायला उठायचं. होरेस सवयीनं दोघांचा चहा करायचा आणि उरलेला मोरीत ओतायचा. दिवसचे दिवस त्याच्याशी कुणी धड वाकडंसुद्धा बोलत नसे.

तिच्या थडग्याचा दगड सांगायला तो एमस यार्डली पाथरवटाकडे गेला. दगडावर माणसाचा धंदा कोरायची इथली रीत. होरेसनं कागद पुढे केला: 'इडिथ, लोरिमर होरेस टिटली याची बायको.' खाली स्वतःच्या नावापुरती जागा सोडायची.

यार्डलीचा जन्म चर्चमधली लॅटिन अक्षरं कोरण्यात गेलेला. कागद वाचता वाचता तो सहज बोलून गेला, की लोरिमर हे नाव मुळात एका लॅटिन शब्दावरून पडलंय, आणि त्याचा अर्थ चामड्याचा पट्टा. लोखंड त्याला मागाहून चिकटलं.

होरेसनं कागदावरचं 'लोरिमर' पुन्हा वाचलं. म्हणजे बाई तीस वर्षं बरोबर होती, आणि हा शहाणा तिलाच शिकवत होता! आज ती असती तर तिनं गल्लीभर सांगून याचं जिणं नको केलं असतं. त्या एका टोमण्यासाठी त्याचा जीव तुटला. हरलो म्हणायचं, तर कुणापुढे?

त्यानं कागद परत घेतला आणि पेन्सिलीनं त्यावरचं खोडलं.

"'इडिथ टिटली, लोरिमर.' एवढंच कोर."

"आणि तुझ्या वेळेला रे? तुझ्या नावापुढे काय घालू?"

"धंदा नको," होरेस म्हणाला. "हिचा नवरा, असं लिही."