दमून आलेला स्वार

चाकणच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून मी निगडीला उतरायचो. घरी पोरांचा गलका असायचा, म्हणून सरळ वाचनालयात जाऊन बसायचो. पेपर समोर धरला की पेंग यायचीच. आजूबाजूला माझ्यासारखेच चारपाच जण. ग्रंथपाल बाई कुणाला उठवत नसत. त्या आपल्या टेबलाशी बसून ऐतिहासिक कादंबऱ्या लिहीत असायच्या. गोष्ट ठरलेली: मोहिमेवर गेलेला स्वार आणि देवावर भरवसा ठेवून त्याची वाट पाहणारी बायको. छापून आलेली एक मी वाचली.

"मॅडम, लढाई दोन ओळींत उरकलीत आणि तो घरी येऊन झोपतो त्याला चार पानं?"

चष्मा वर सरकवत त्या म्हणाल्या, "लढाई मी कुठं बघितलीय, दादा? दमलेली माणसं रोज बघते. आमच्या घरीही एक आहेत, थर्ड शिफ्टवाले. त्यांची झोप मोडायची नाही, एवढाच काय तो आमचा रोमान्स."

परवा त्यांचीच मान टेबलावर टेकली होती, पेन बोटांत तसंच. वाचनालय बंद करायची वेळ टळून गेली. आम्ही सगळे जागे होतो, पण कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही.