भाऊच्या घरचा संघ

ताटावर आडवा हात धरायचा नाही, हा भाऊच्या घरचा पहिला नियम होता. कोणी धरलाच, तर भाऊ डाव्या हातानं तो हात अलगद उचलायचा, उजव्या हातानं भाताचा ढीग वाढायचा आणि पाहुण्याचा हात परत जागेवर ठेवून द्यायचा. "खेळाडू माणूस हायेस गा तू. लाजून काऊन राह्यला?"

क्रीडाप्रेमी तुम्हीही पाहिले असतील. सामना सुरू झाला की टीव्हीसमोरची जागा न सोडणारे, आणि हरलो की घरात कोण मध्येच उठलं होतं याचा तपास करणारे. आमचा भाऊ, म्हणजे सगळ्या गावाचाच भाऊ, निराळा. त्याचं खेळावरचं प्रेम इतकं भरीव होतं की ते पोटात गेल्यावर खेळाडूला वाकता येत नसे.

आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावाजवळ, धानाच्या पट्ट्यात. धान घरात आलं की दोन दिवस कबड्डीचे सामने भरतात. बाहेरगावचे संघ येतात आणि समिती एकेक संघ एकेका घरी उतरवते. जेवणं-झोपणं त्या घरी. मग संघाचं स्वतःचं गाव विसरायचं. माईकवर पुकारा होतो तो त्या घराच्या नावानं. हे मी खात्रीनं सांगतो, कारण माईक माझ्याच हातात असतो. जिंकलेला संघ ढाल घेऊन आधी आपल्या घरच्या ओट्यावर जातो आणि सगळं गाव मागोमाग चहाला जातं. ती ढाल एकदा तरी आपल्या ओट्यावर यावी, एवढीच भाऊची इच्छा होती. त्यासाठी तो वर्षभर कोंबड्या पाळायचा.

ढाल येत नव्हती. येणार कशी? भाऊ पोरांना त्याच हंगामाचा नवा तांदूळ रांधून घालायचा. नवा भात चिकट, गोड आणि पोटाला जड, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यावर कोंबडीचा रस्सा, बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे, आणि सगळं झाल्यावर 'थोडासा' भात. भाऊच्या घरचा संघ मैदानात यायचा तो लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखा. एका वर्षी तर चढाईला गेलेल्या पोराला 'कबड्डी कबड्डी' म्हणता म्हणता ढेकर आला. पंचानं दम तुटला म्हणून त्याला बाद दिलं.

भाऊ दोरी ओलांडून आत. "ढेकर आला म्हंजे दम तुटला काय? नियमात कुठी हाय, दाखव मले."

पंचानं बिचाऱ्यानं खरंच खिसे चाचपले. सामना अर्धा तास थांबला. तेवढ्यात भाऊच्या संघातले दोघं मंडपाला टेकून झोपले.

आता तुम्ही म्हणाल, एवढं उघड दिसत होतं तर त्याला कोणी सांगितलं कसं नाही? अहो, आमची समिती काय अडाणी आहे? स्पर्धेतला सगळ्यात तगडा संघ दरवर्षी न चुकता भाऊच्या घरी उतरायचा. भाऊला तो आपला मान वाटायचा. "खेळाडूची कदर कुठी होते, थे समितीले माहीत हाय," असं तो अभिमानानं सांगायचा आणि अध्यक्ष तोंड गंभीर करून मान हलवायचे. आमच्या गावानं आजवर मिळवलेल्या ढालींमध्ये आमच्या खेळाडूंचा वाटा किती आणि भाऊच्या चुलीचा किती, ते देव जाणे. सत्कार मात्र खेळाडूंचेच झाले.

भाऊच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, एकदा माझ्यासमोरच त्याला हटकलं. "खेळाच्या आधी पोट्ट्यायले इतकं खाऊ घालतेत का जी?"

मला वाटलं, आता हा काहीतरी गंमत करेल. त्यानं केली नाही.

"मी उपाशी खेळलो होतो," तो म्हणाला. "तालुक्याच्या संघात निवड झालती माही. धान निघायले वेळ होता, घरात दाणा नाई. चहा पेऊन गेलो मूलले. चढाई करता करता डोळ्यापुढं अंधारी आली न पडलो तिथीच. लोक हासले. म्हणे, नाटक करून राह्यला. मंग मले कोणी बलावलंच नाई."

वहिनींनी भाताचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं. मला फार वाईट वाटलं, आणि समितीचा रागही आला. पण राग किती आला, तर त्या दिवशी मी जरा जास्त जेवलो. बाकी समितीत मी आजही आहे.

दोन वर्षांपूर्वी अहेरीकडच्या जंगलातल्या एका गावचा संघ आला. घरी गोंडी बोलणारी, मराठी जपून वापरणारी पोरं, पण पायांत वारं. त्यांचा खेळ अध्यक्षांनी आधीच कुठेतरी पाहिला होता, त्यामुळे ती कोणाकडे उतरणार हे सांगायला नको. भाऊनं कोंबड्या निवडून ठेवल्या. आणि सामन्यांच्या आदल्या दिवशी त्याच्या छातीत कळ आली. जीपमध्ये घालून त्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, वहिनीही गेल्या, घराला कुलूप.

पोरं आली ती त्या कुलपासमोर बसून राहिली. आमची धांदल उडाली. शेवटी त्यांना शाळेत उतरवलं, चहा दिला, केळी दिली, संध्याकाळी पातळ वरण आणि मोजका भात. समितीच्या हातून इतक्या वर्षांत झालेली ही एकमेव चूक.

पोरांनी सगळ्यांना लोळवलं. अंतिम सामन्यात आमच्या गावाच्या संघाला तर असं काही पळवलं की अध्यक्षांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. माईकवर मी ओरडत होतो, "भाऊच्या घरचा संघ विजयी," आणि मला आवाज आवरत नव्हता. आपलं गाव हरल्यावर इतका आनंद होणं बरं नाही, पण झाला.

ढाल मिळाली, पण घराला कुलूप. त्यांचा कप्तान माझ्याकडे आला. उंच, काटकुळा पोरगा. "दादा, ढाल कुठी ठेवाव?"

"घेऊन जा घरी. तुमचीच हाय."

"आमी त्यायच्या घरचे हावो ना," तो म्हणाला, आणि दवाखाना कुठे आहे ते विचारलं. अहेरीची वाट गडचिरोलीवरूनच जाते. मीही त्यांच्याबरोबर बसमध्ये चढलो.

नर्सबाईंनी एवढ्या जणांना आत सोडायला नकार दिला. मग ढाल पाहिली आणि म्हणाल्या, पाच मिनिटं. कप्तानानं ढाल भाऊच्या पायाशी खाटेवर ठेवली. भाऊनं मान उचलून ती बराच वेळ पाहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यानं पुसलं नाही.

"जेवले होते का गा?" त्यानं विचारलं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कप्तान म्हणाला, "हो दादा. पोटभर. नवा भात होता."

भाऊनं माझ्याकडे वळून पाहिलं. इतका विजयी चेहरा मी जिंकलेल्या खेळाडूचाही पाहिला नाही. "मंग! मी सांगून सांगून थकलो तुम्हाले."

तो घरी परतला, पण उन्हाळा काही त्यानं काढला नाही.

गेल्या वर्षी समितीनं अहेरीच्या संघाला दुसऱ्या घरी उतरवलं. वहिनी एकट्या, त्यांना कशाला त्रास, असं ठरलं. सामन्याच्या सकाळी मी पोरांना शोधायला निघालो तर ती भाऊच्या ओट्यावर पंगत मांडून बसलेली. वहिनी वाढत होत्या. नवा भात, रस्सा, वडे.

"अरे बाप्पा, तुमचा पयला सामना हाय," मी कप्तानाला हळूच म्हणालो.

"माहीत हाय दादा," तो म्हणाला, आणि वहिनींकडे पाहून त्यानं ताट पुढे केलं. "बाई, अजून वाढा."

पहिल्याच सामन्यात ती हरली. कोणी जिवावर आल्यासारखं खेळलं असं नाही. सगळी जीव तोडून पळाली, पण पोटं हलायला तयार नव्हती. माईकवर मी त्यांचा पुकारा भाऊच्या घरचा संघ म्हणूनच केला होता. अध्यक्षांनी काही हरकत घेतली नाही.